गोफण : राखणीचे साधन आणि त्याचे शब्दार्थविश्व

ग्रामीण जीवनाचे चित्रण करणाऱ्या मराठी साहित्यात आणि लोकपरंपरेत गोफण ही परिचयाची वस्तू आहे. अध्यापनात आणि टीपालेखनात मात्र 'दगड फेकण्याचे एक साधन' एवढाच तिचा अर्थ सांगून पुढे जाण्याचा प्रघात पडला आहे. हा अर्थ चुकीचा नसला तरी अपुरा आहे. गोफणीने काय फेकले जाते यापेक्षा ती कोणाच्या हाती, कोणत्या ऋतूत आणि कशासाठी असते, यावर तिचा मराठीतील अर्थ उभा आहे. गोफणीला मराठी शब्दार्थविश्वात लाभलेले स्थान शिकारीच्या आयुधाचे नसून राखणीच्या साधनाचे आहे, आणि हे ध्यानात न घेतल्यास काही मजकुरांचे मर्मच निसटते, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

१. रचना आणि कार्य

गोफणीची रचना अत्यंत साधी आहे. मध्यभागी गुंडा ठेवण्यासाठी विणलेला रुंद भाग आणि त्याच्या दोन्ही बाजूंस दोन दोऱ्या, एवढीच तिची अंगे. सूत, ताग, अंबाडी यांपैकी जे हाताशी असेल त्याची ती वळली जाते. एका दोरीच्या टोकाला बोट अडकविण्यासाठी फास असतो. दुसरी दोरी नुसती मुठीत धरली जाते. गोफण डोक्याभोवती एक-दोन वेळा गरगरा फिरवून योग्य क्षणी दुसरी दोरी सोडली की गुंडा सुटतो.

यामागील तत्त्व असे : गोफणीमुळे हाताची लांबी जणू वाढते. फिरण्याची गती तीच राहिली तरी वर्तुळाची त्रिज्या वाढल्याने टोकाशी असलेल्या वस्तूचा वेग त्या प्रमाणात वाढतो. त्यामुळे नुसत्या हाताने जेथवर दगड पोचत नाही तेथे गोफणीचा गुंडा सहज पोचतो. सुटणाऱ्या दोरीच्या टोकाला धाग्यांचा मोकळा झुपका ठेवला, तर दोरी सुटताना चाबकासारखा कडाका उठतो. शेतात या आवाजाचे काम गुंड्याइतकेच महत्त्वाचे असते.

गोफणीची मर्यादाही याच रचनेत आहे. गुंडा कोणत्या क्षणी सुटतो यावर त्याची दिशा ठरते; त्या क्षणात किंचित फरक पडला तरी नेम चुकतो. शिवाय फेकणाऱ्यास उघड्यावर उभे राहून हात फिरवावा लागतो आणि त्या हालचालीनेच सावज सावध होते. ससा, तितर, लावा अशी लहान शिकार गोफणीने साधणे अशक्य नाही. पण त्यासाठी दीर्घ सराव लागतो. दबून बसलेल्या एकट्या सावजासाठी फास आणि जाळे ही अधिक खात्रीची साधने होत, आणि पारध्यांची ख्यातीही फासे लावण्याबद्दलच आहे. उलट, पिकावर उतरलेल्या शेकडो पाखरांच्या थव्यासाठी अचूक नेमाची गरजच नसते. गुंडा थव्याच्या जवळून सणाणत गेला की काम होते.

२. राखणीचा काळ

दख्खनच्या पठारावरील रब्बीची ज्वारी साधारणतः सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पेरली जाते. डिसेंबर-जानेवारीत कणीस चिकात भरते, त्यानंतर हुरड्याचे दिवस येतात आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये काढणी होते. कणीस चिकात आल्यापासून दाणा टणक होईपर्यंतचे दिवस पाखरांच्या दृष्टीने सुगीचे असतात. चिमण्या आणि पोपट तर येतातच. त्याखेरीज भोरड्यांचे प्रचंड थवे उतरतात. भोरडी ही मैनेच्या कुळातील स्थलांतरित पाखरे होत. मध्य आशियाच्या बाजूस त्यांची वीण होते व हिवाळा ती भारतात काढतात. विणीच्या काळात ती टोळ आणि नाकतोडे यांवर जगतात, म्हणजे तेथे ती शेतीची मित्र ठरतात. कणसात भरलेल्या ज्वारीवर उतरल्यावर मात्र तीच पाखरे शेतकऱ्याची वैरी होतात.

मालदांडीसारखे वाण माणसाच्या उंचीपेक्षाही वर जाते. जमिनीवर उभ्या असलेल्या राखणदारास कणसांचा शेंडा दिसत नाही. म्हणून शेतात माळा उभारावा लागतो. माळ्यावरून चौफेर नजर टाकता येते, आरोळी दूर जाते आणि गोफण मोकळेपणाने फिरविता येते. माळा, गोफण आणि आरोळी ही अशा रीतीने एकाच व्यवस्थेची तीन अंगे आहेत. उन्हे कलती असताना, म्हणजे सकाळी व सायंकाळी, पाखरांचा जोर अधिक असतो; म्हणून राखणदारास पहाटेच शेत गाठावे लागे. हे काम बहुधा घरातील मुले, वृद्ध आणि स्त्रिया यांच्याकडे असे, कारण त्याला बळापेक्षा सततच्या जागरूकतेची गरज होती.

गुंड्यांचीही पूर्वतयारी करावी लागते. काळ्या जमिनीच्या शेतात हवे तेव्हा दगड सापडत नाहीत, आणि बाहेरून आणून फेकलेले दगड पुढे मशागतीस अडथळा करतात. मातीचे वळून वाळविलेले गुंडे पडल्यावर फुटतात व मातीत मिसळून जातात. मारणे हाच हेतू असता, तर असा फुटणारा गुंडा कोणी पत्करला नसता.

३. शब्दांची साक्ष

या व्यवस्थेची खूण भाषेत स्पष्टपणे उमटलेली आहे. खेड्यातला मनुष्य 'पाखरं राखायला जातो' असे म्हणतो. वस्तुतः राखावयाचे असते ते पीक. पण क्रियापदाचे कर्म झाली आहेत पाखरे. 'गुरे राखणे' या प्रयोगाशी याची तुलना करावी. गुरे राखणारा गुरांना सांभाळतो आणि नको तेथे जाण्यापासून रोखतो. पाखरे राखणाराही पाखरांना रोखतो, उठवितो, हाकतो. दोन्ही प्रयोगांत 'मारणे' या क्रियेला स्थान नाही. 'बुजगावणे' हा शब्दही याच जातीचा आहे. 'बुजणे' म्हणजे बिचकणे या क्रियेशी त्याचे नाते आहे. राखणीची शब्दकळा अशी भिववून दूर करण्याच्या कल्पनेभोवती गुंफली गेली आहे.

येथे एका गोंधळाचा निर्देश करणे आवश्यक आहे. गोफण, गलोल आणि बेचकी हे शब्द अलीकडे एकमेकांच्या जागी वापरले जातात. गोफणीत कोणताही ताणला जाणारा भाग नसतो. तिची शक्ती फिरण्यातून येते. गलोल ही मुळात गोळ्या मारण्याची कमान होय. तिच्या दोरीच्या मध्यावर गोळी ठेवण्याची जागा असते. बेचकी म्हणजे दुबेळक्याच्या काठीला रबर बांधून केलेले साधन. रबर टिकाऊ व लवचीक करण्याची प्रक्रिया १८३९ मध्ये अमेरिकेत चार्ल्स गुडइयर यांना साधली. त्याआधी बेचकी अस्तित्वात असणे शक्य नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापूर्वीच्या मजकुरात 'गलोल' आढळल्यास तिचा अर्थ रबराची बेचकी असा देणे हा कालविपर्यास ठरेल. कोशकार, संपादक आणि अनुवादक यांनी हा भेद पाळला पाहिजे. गलोल आणि बेचकी यांनी एकेक पाखरू टिपता येते, गोफणीने थवा उठविला जातो. साधन बदलले की कृतीचा नैतिक अर्थही बदलतो.

४. प्राचीनता

मोहेंजोदडो येथील उत्खननात मातीचे गोफणगुंडे मोठ्या संख्येने मिळाल्याची नोंद आहे. दख्खनच्या ताम्रपाषाणयुगीन वसाहतींच्या संदर्भातही अशा गोळ्यांचा उल्लेख होतो. मातीची गोल गोळी खेळ, वजन अशा अन्य कामांसाठीही वापरली जाऊ शकते, हे भान ठेवूनही या नोंदी लक्षणीय मानाव्या लागतात.

वाङ्मयीन पुरावा अधिक रोचक आहे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात जखमेवर बांधावयाच्या पट्ट्यांचे चौदा प्रकार सांगितले आहेत व त्यांत 'गोफणा' हा एक आहे. हनुवटी, नाक, ओठ, खांदा यांसारख्या उंचसखल अवयवांसाठी तो विहित आहे. मध्ये रुंद आणि दोन्ही टोकांना निमुळती अशी पट्टी अवयवाला झोळीप्रमाणे कवेत घेते. गोफण गुंड्याला धरते ती अशीच. शेतातील साधन आणि वैद्याची पट्टी यांना एकच नाव मिळावे, यावरून त्या आकाराचा परिचय किती सार्वत्रिक होता याची कल्पना येते.

५. साहित्यातील अर्थ

संत तुकारामांच्या चरित्रपरंपरेत, विशेषतः महिपतींच्या लेखनातून रूढ झालेल्या कथांत, राखणीची एक कथा येते. एका शेतकऱ्याने तुकोबांना शेताची राखण सांगितली. पाखरे उतरली; पण भूतमात्राच्या ठायी देव पाहणाऱ्या तुकोबांना त्यांना हुसकावणे जमले नाही. शेतकऱ्याने गाऱ्हाणे नेले. प्रत्यक्षात मात्र त्या शेताने अपेक्षेहून कितीतरी अधिक धान्य दिले.

ही कथा केवळ भूतदयेचा दाखला म्हणून वाचली जाते. राखणीची व्यवस्था ठाऊक असणाऱ्या श्रोत्याला तिच्यातील पेच अधिक तीव्रतेने जाणवत असला पाहिजे. तुकोबांना कोणी जीवहत्या करण्यास सांगितले नव्हते. त्यांच्याकडे मागणी होती ती फक्त पाखरे उठविण्याची, म्हणजे घरातील लहान मूलही करते त्या कामाची. शेतकऱ्याचे गाऱ्हाणे दुष्टपणाचे नाही, कारण त्या दाण्यांवर त्याच्या घराचे वर्ष अवलंबून आहे. पाखरांची भूक खरी आणि कुणब्याची भूकही खरी, अशा दोन न्याय्य मागण्यांमध्ये राखणदार उभा असतो. व्यवहारात गोफण या दोहोंमध्ये तडजोड घडवून आणते : पाखराचा जीव वाचतो आणि पिकाचा बराचसा भागही. ही तडजोडही न स्वीकारणे हे कथेतील संतत्व होय. गोफणीला शिकारीचे हत्यार समजल्यास कथेतील निवड फार सोपी होऊन बसते.

मराठी बायबलमध्ये शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकातील सतराव्या अध्यायात दावीदाच्या हातातील साधनासाठी 'गोफण' हाच शब्द येतो. दावीद हा बापाची मेंढरे राखणारा मुलगा आहे. शस्त्रसज्ज योद्ध्यापुढे राखणदाराचे साधन घेऊन उभा ठाकलेला पोर, हा त्या प्रसंगातील विरोध मराठी वाचकाला त्या एका शब्दाने समजतो. कष्टकऱ्याचे रोजचे अवजार प्रतिकाराचे प्रतीक होण्याची ही रीत आपल्याकडेही आहे. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८३ मध्ये पूर्ण केलेल्या ग्रंथाला 'शेतकऱ्याचा असूड' हे नाव दिले, त्यामागे हेच सामर्थ्य आहे. उपरोधिक लेखनाला गोफणीची उपमा दिली जाते तेव्हाही, आपले राखण्यासाठी दुसऱ्याला हटविणे हा मूळ अर्थ तिच्यात शिल्लक असतो.

६. समारोप

१९६४ मध्ये ज्वारीचे पहिले संकरित वाण प्रसृत झाले आणि बुटक्या ताटांची ज्वारी शेतात आली. पुढे ऊस, सोयाबीन यांसारख्या पिकांनी महाराष्ट्रात ज्वारीचे क्षेत्र बरेच व्यापले. मुले शाळेत जाऊ लागली, ही तर इष्टच गोष्ट होय. परिणामी माळे उतरले आणि गोफणी दुर्मीळ झाल्या. ज्यांच्या परिसरात एखादेच शेत ज्वारीचे उरले, त्यांच्यावर मात्र साऱ्या पाखरांचा भार पडू लागला. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये पोपट, मैना, ससा यांसारख्या वन्य जीवांची शिकार हा अपराध आहे. मारण्यापेक्षा हाकण्यावर भर देणारी जुनी रीत या कायद्याच्या दृष्टीशी सुसंगत आहे, हे विशेष.

अशा स्थितीत अभ्यासकांपुढे एक निकडीचे काम आहे. गोफणीच्या अंगांना, गुंड्यांच्या प्रकारांना, माळ्यावरील आरोळ्यांना प्रदेशपरत्वे असलेली नावे ज्यांच्या तोंडी आहेत, ती पिढी आता वृद्ध झाली आहे. लोकगीतांचे संकलन करताना गीताबरोबर ही शब्दकळा आणि त्या कामाची पद्धतही नोंदविली गेली पाहिजे. शब्द कोशात राहील. पण 'पाखरे राखणे' म्हणजे पाखरांना जिवंत ठेवून पिकाला वाचविणे हा त्यामागील विवेक समजून घ्यावयाचा, तर नोंद शेताच्या बांधावर जाऊनच करावी लागेल.