धान्य, कीड आणि एरंडेल

आपले कोकणातील पूर्वज तेलाचा घाणा चालवीत व शब्बाथला तो बंद ठेवीत; म्हणून लोक त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. तेव्हा सिंगापुरातही आपल्यापुढे तेलाच्या एका उपयोगाविषयी बोलणे अप्रस्तुत ठरू नये.

तुरीवरील भुंगेरा अंडी दाण्याच्या सालीवर चिकटवितो. किलोमागे चमचाभर एरंडेल चोळले की अंडी नीट चिकटत नाहीत, आणि चिकटलेली हवेअभावी मरतात. कडुनिंबाची रीत निराळी. त्यातील अझाडिरॅक्टिन किड्याची भूक मारते व अळीला कात टाकू देत नाही. मात्र ते पाल्यापेक्षा निंबोळीच्या बियांत पुष्कळ अधिक असते. मूठभर पाल्यावर फार विसंबू नये. वेखंडाने कीड मरते खरी, पण त्यातील बीटा-असारोनमुळे प्रयोगातील उंदरांत कर्करोग आढळला आहे. ते खाण्याच्या धान्यात नकोच.

तांदळाचा सोंडकिडा अधिक कावेबाज. मादी दाणा पोखरून आत अंडे घालते व छिद्र बुजविते. तेथे लेप पोहोचत नाही, चाळणीचेही काही चालत नाही. तोराने किडे निषिद्ध ठरविले आहेत आणि वल्हांडणात आपण भात खातो. म्हणजे प्रश्न केवळ नासाडीचा नाही. इथल्या दमट हवेत माझा कौल शीतकपाटालाच: नवा तांदूळ हवाबंद पिशवीत चार-पाच दिवस गोठवावा, आणि बाहेर काढल्यावर थंडावा जाईपर्यंत पिशवी उघडू नये, नाहीतर दाण्यांना ओल धरते. मेलेला किडाही निषिद्धच; तेव्हा तांदूळ निवडणे काही सुटत नाही.