परागंदा

मागच्या वर्षी जमिनीच्या कामासाठी आम्ही जुने फेरफार काढले. त्यात पणजोबांच्या वारसांची १९५३ ची नोंद निघाली. चार मुलांची नावं होती, आणि धाकट्याच्या, म्हणजे माझ्या दादांच्या नावापुढे एकच शब्द : 'परागंदा'. अब्बांनी चष्मा लावून तो शब्द दोनदा वाचला, कागदाची घडी घातली आणि 'आज भूक नाही' म्हणून आत निघून गेले.

अब्बा आता ८४ वर्षांचे आहेत. त्यांनी आपल्या वडिलांना कधी पाहिलेलं नाही. ते आईच्या पोटात असतानाच दादा मुंबईहून जहाजावर गेले, ते परतलेच नाहीत. घरात फोटो नाही, पत्र नाही. गावानं मात्र आपलं उत्तर ठरवून टाकलं होतं : 'विलायतेत दुसरं घर केलं असेल.' दादीनं हे आयुष्यभर ऐकलं. पतीचा चार वर्षं ठावठिकाणा नसेल, तर स्त्रीला न्यायालयातून निकाह रद्द करून घेता येतो, अशी तरतूद १९३९ च्या कायद्यानं केली होती. तिच्या भावांनी दुसऱ्या निकाहाचा विषय काढलाही. तिनं नकार दिला. ती इद्दतीला बसली नाही, कारण 'तू बेवा झालीस' असं तिला कुणी सांगितलंच नाही. मी लहान असताना ती वारली, तेव्हाही तिच्या हातात काचेच्या बांगड्या होत्या.

तो फेरफार पाहिला आणि मी ठरवलं, आता शोधायचंच. दाखले लिहिताना शाळेचं जनरल रजिस्टर चाळण्यात माझी वीस वर्षं गेली आहेत. जुन्या नोंदींत काय काय सापडतं, हे मला ठाऊक होतं.

सुरुवात माणसांपासून केली. अब्बांची चुलत बहीण, आमची फुफी, नव्वदीची आहे. तिनं आपल्या आईकडून ऐकलेलं सांगितलं, 'तो जहाजावर आगवाला होता. बॉयलरला कोळसा घालायचा. निकाहाआधीच त्यानं नल्ली काढली होती.' नल्ली म्हणजे खलाशाच्या नोकरीची पुस्तिका. आजवर 'जहाजावर होते' एवढंच माहीत होतं; आता काम कळलं.

मग काझींच्या दफ्तरात गेले. निकाहाची जुनी वही उर्दूत होती, ती मला वाचता आली. हिजरी १३५८ च्या पानांवर दादा-दादींचा निकाह सापडला : दोघांच्या वडिलांची नावं, गाव, महर, साक्षीदार. अब्बांच्या शाळेच्या रजिस्टरातून त्यांचं जन्मवर्ष १९४१ पक्कं झालं. म्हणजे दादा गेले ते १९४० च्या अखेरीस किंवा १९४१ च्या सुरुवातीस. तेव्हा दुसरं महायुद्ध पेटलेलं होतं. ब्रिटिश व्यापारी जहाजांवर त्या काळी हजारो हिंदी खलाशी होते. त्यांत आपल्या कोकणातलेही पुष्कळ. जर्मन पाणबुड्या ही जहाजं बुडवत होत्या.

त्या युद्धात मेलेल्या सैनिक-खलाशांच्या नोंदी कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशन ही संस्था ठेवते. तिच्या संकेतस्थळावर नाव घालून शोधता येतं, पैसे लागत नाहीत. पहिल्या दिवशी काहीच मिळालं नाही. आपल्याकडे एकच नाव महमद, महंमद, मोहम्मद असं तीन तऱ्हांनी लिहितात; इंग्रज कारकुनानं ते कसं लिहिलं असेल, कोण सांगणार? मी वहीत अकरा स्पेलिंगं लिहिली आणि रोज रात्री एकेक पाहू लागले. एका नावाचे बरेच लोक निघत. नाव जुळलं म्हणून कुणालाही आपले दादा मानायचं नाही, हे मी आधीच ठरवलं होतं.

नवव्या स्पेलिंगाला एक नोंद आली. हुद्दा आगवाला. १९४१ साल. पुढे वडिलांचं नाव, आमच्या गावाचं नाव, आणि पत्नी म्हणून माझ्या दादीचं नाव. काझींच्या वहीतली तीनही नावं या नोंदीत जशीच्या तशी होती. जहाज टॉर्पेडोनं बुडालं होतं. कबर नाही. मुंबई आणि चितगाव इथल्या युद्धस्मारकांच्या नोंदवहीत सहा हजारांहून अधिक खलाशांची नावं आहेत, त्यांतच दादांचं नाव आहे.

मी ती नोंद छापून अब्बांना वाचून दाखवली. ते म्हणाले, 'अम्मीचं नाव पुन्हा वाच.' मी वाचलं. कुणाची बायको, कुठलं गाव, हे दादांनीच जहाजावर चढताना कधीतरी लिहून दिलं असणार. ज्या माणसानं दादीला सोडलं असं गाव म्हणत होतं, त्याच्या कागदावर तिचंच नाव होतं. खबर गावापर्यंत का पोहोचली नाही, हे आता सांगायला कुणी उरलेलं नाही.

बुडून मरण आलेल्या मोमिनाला शहीदाचा दर्जा आहे, असं प्रेषित मुहम्मद (स.) यांनी सांगितलं आहे. त्या जुम्म्याला गावच्या मशिदीत इमामसाहेबांनी दादांचं नाव घेऊन मगफिरतीची दुआ केली. अब्बांनी वडिलांच्या नावानं सदका दिला. चौऱ्याऐंशी वर्षांत पहिल्यांदा.

नाती जोडून ठेवता यावीत म्हणून आपला वंश जाणून घ्या, अशा अर्थाची हदीस आहे. ते काम फार अवघड नाही. निकाहाची वही, शाळेचं रजिस्टर, फेरफार, तहसील कार्यालयातल्या जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदी हे सगळं अजून जागेवर आहे. पण वही नंतरही सापडेल. फुफी सापडणार नाही. म्हणून भगिनींनो, या सुट्टीत घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाजवळ बसा, विचारा आणि लिहून घ्या.

तो फेरफार अब्बांनी जपून ठेवला आहे. दादांची नोंद त्यांनी त्याच कागदाला टाचून दिली, 'परागंदा'च्या वर.