वाहत्या चित्रांची घरगुती सांठवण

पावसाळ्यापूर्वीं पापड, सांडगे, लोणचीं यांची बेगमी करून ठेवण्याचा परिपाठ आपल्या घरांतून पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. २०१८ च्या जुलै महिन्यांत वसई-विरार भागांत अतिवृष्टि झाली, नालासोपाऱ्यास रूळ पाण्याखालीं गेले, कित्येक वस्त्यांतून वीज नाहींशी झाली. तेव्हां या बेगमीची किंमत पुष्कळांस नव्यानें कळली. परंतु आतां घरांत आणखी एक जिन्नस रोज येतो, ज्याची बेगमी करण्याचें आपल्या मनांतहि येत नाहीं. तो म्हणजे इंटरनेटवरून संगणकावर येणारें चलच्चित्र. त्याविषयीं आज चार शब्द लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे.

निमित्त घरचेंच आहे. आमच्या वृद्ध आत्याबाई वसईस आमच्याकडे असतात. त्यांचे चिरंजीव टोरांटोस नोकरीस आहेत. मागें थोरल्या नातवाची मुंज तेथेंच झाली. तेथील सकाळचे दहा म्हणजे त्या दिवसांत येथील सायंकाळचे साडेसात. सारें घर संगणकापुढें जमलें होतें; आत्याबाई ठेवणींतलें लुगडें नेसून बसल्या होत्या. मातृभोजनाचें पान मांडलें गेलें आणि नेमकी वीज गेली. ती परत आली तों बटु भिक्षा मागूं लागला होता. "असूं द्या, मागाहून पाहूं," असें म्हणून सर्वांनीं समाधान मानलें. पुढें आत्याबाईंच्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली, आणि दोन महिन्यांनीं आम्ही पाहावयास बसलों तों तें चित्र तेथून काढून टाकलेलें! चिरंजीवांस वाटलें, वसईकरांनीं उतरून घेतलें असेल. आम्हांस वाटलें, त्यांच्याजवळ असेलच. आत्याबाई कांहीं बोलल्या नाहींत. तेंच आम्हांस अधिक लागलें.

असें कां व्हावें? हें चित्र आपल्या संगणकावर राहावयास येतच नाहीं. दूरच्या यंत्रावरून त्याचे कांहीं सेकंदांचे तुकडे एकामागून एक येतात. आपला संगणक पुढील थोडे तुकडे हाताशीं ठेवतो, दाखवितो आणि टाकून देतो. नळ वाहत असतां खालीं हंडा ठेवला नाहीं, तर पाणी मोरींतून जावयाचेंच.

हा हंडा ठेवण्याचे मार्ग तीन. पहिला व सर्वांत उत्तम मार्ग म्हणजे ज्यानें चित्रण केलें त्याजकडून मूळ फाईलच मागून घेणें. दुसरा मार्ग त्या त्या सेवेनेंच दिलेल्या सोयीचा. यूट्यूबनें भारतांत २०१४ सालीं फोनवर अशी सोय आणली. मात्र अशी प्रत बहुधा त्याच ॲपमध्यें उघडते आणि तिला मुदत असते. ती उसनी आणलेली वस्तु समजावी. तिसरा मार्ग म्हणजे पडद्यावर दिसेल तें जसेंच्या तसें टिपून घेणें. त्यासाठीं ओबीएस स्टुडिओ हें सॉफ्टवेअर विनामूल्य मिळतें.

या तिसऱ्या मार्गांत कांहीं गोष्टी संभाळाव्या लागतात. तीन तासांचा कार्यक्रम टिपण्यास तीनच तास लागतात. तेवढा वेळ संगणक झोपीं जाणार नाहीं अशी व्यवस्था ठेवावी, व मध्येंच येणाऱ्या सूचना बंद कराव्या. आधीं दोन मिनिटें टिपून आवाज येतो कीं नाहीं हें पाहावें. मुकी मुंज पदरीं पडलेलीं घरें आम्हांस ठाऊक आहेत. आपल्याकडे विजेचा भरंवसा नाहीं, म्हणून फाईल एमकेव्ही या प्रकारांत ठेवावी. साधी एमपी-४ फाईल व्यवस्थित बंद होण्यापूर्वींच संगणक बंद पडला, तर ती बहुधा उघडतच नाहीं. एमकेव्हीमध्यें तोंवर टिपलेला भाग हातीं राहतो. सेकंदास पांच मेगाबिट या प्रमाणानें एका तासास सुमारें सव्वादोन जीबी जागा लागते. जुन्या घडणीच्या, म्हणजे फॅट-३२ पद्धतीच्या, पेनड्राईव्हवर चार जीबीहून मोठी फाईल मावत नाहीं. तो आधीं एक्सफॅट पद्धतीनें घडवून घ्यावा. तसें करतांना त्यावरील जुना मजकूर पुसला जातो, हें विसरूं नये. आणि प्रत एक नव्हे, दोन ठेवाव्या. दुसरी दुसऱ्या घरीं.

येथें एक मर्यादाहि सांगणें अवश्य आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यांत खासगी उपयोगासाठीं उचित वापरास मुभा आहे. परंतु २०१२ च्या दुरुस्तीनें, हक्कभंगाच्या हेतूनें संरक्षक कुलूप मोडणें हा अपराध ठरला आहे. सशुल्क चित्रपट टिपूं जातां पुष्कळदां नुसता काळा पडदा उमटतो, तो त्या कुलपामुळेंच. तें मोडण्याच्या भानगडींत सुज्ञ गृहस्थानें पडूं नये. आपल्या हक्काचें, किंवा धन्यानें परवानगी दिलेलें, तेवढेंच टिपावें.

दादासाहेब फाळक्यांच्या १९१३ मधील 'राजा हरिश्चंद्र' या मूकपटाचाहि आज थोडकाच भाग शिल्लक आहे. अशा ठेव्यांच्या जतनासाठीं पुण्यास १९६४ सालीं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झालें. घरच्या मुंजीचें संग्रहालय मात्र घरच्यांनाच व्हावें लागतें.

या वैशाखांत धाकट्या नातवाची मुंज झाली. आम्हीं दोन दिवस आधींच सर्व तयारी केली. चिरंजीवांसहि मूळ फाईल राखण्याविषयीं बजावून ठेवलें. वीज याहि वेळीं गेलीच, परंतु तोंवरचें हातीं राहिलें, आणि उरलेलें आठवड्याभरांत टोरांटोहून आलें. पुढें भर पावसांत एके दुपारीं आत्याबाईंस आम्हीं तें लावून दिलें. मातृभोजन येतांच त्या म्हणाल्या, "जरा थांबव रे, सूनबाईनें पानांत काय काय वाढलें आहे तें नीट पाहूं दे."

चित्र थांबविलें. आत्याबाईंनीं चष्मा पुसला आणि सावकाश, एकेक पदार्थ मोजून पाहिला.