वेल्डिंग मशीन पुन्हा पुन्हा का उडते?



गळीत हंगाम तोंडावर आला की ट्रॉल्यांचे दांडे, हूक, फाळके यांची डागडुजी वस्त्यावस्त्यांवर सुरू होते. आता बऱ्याच घरी स्वतःचे वेल्डिंग मशीन आहे. पूर्वीचा वेल्डिंगचा ट्रान्सफॉर्मर हलवायला दोघे-तिघे लागत. आताचे इन्व्हर्टर मशीन खांद्याला अडकवून फडातसुद्धा नेता येते. सोय मोठी झाली खरी, पण बिघडले की माणूस पार हतबल होतो. त्याबद्दल चार अनुभवाच्या गोष्टी आम्ही वर्कशॉपची मंडळी येथे सांगत आहोत.

२०२५ च्या जानेवारीत, ऐन गळिताच्या धामधुमीत, एक वयस्क सभासद मशीन पोत्यात गुंडाळून आमच्याकडे आले. म्हणाले, “साहेब, दोनदा दुरुस्त करून आणलं, दोन्ही वेळा ढप्प झालं. ट्रॉलीचा दांडा निखळलाय, तोडलेला ऊस फडात वाळतोय. काय करायचं ते करा, पण आज करा.” तोडलेला ऊस पडून राहिला की वजनही घटते आणि उताराही, हे आपणास सांगायला नको. बोलता बोलता त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. नातवाने प्लग काढला, लगेच झाकण खोलले आणि आत हात घातला. पोरगं झटक्याने मागे जाऊन पडलं. थोडक्यात वाचलं.

प्लग काढला होता, मग झटका कुठला? यासाठी मशीन कसे चालते ते आधी बघू. घरातील २३० व्होल्टची वीज आत आली की तिची सुमारे ३२५ व्होल्टची डीसी होते आणि मोठ्या कपॅसिटरांत साठते. पुढे आयजीबीटी नावाच्या इलेक्ट्रॉनिक खटक्या ती सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करतात. त्यामुळे ट्रान्सफॉर्मर लहान पुरतो. शेवटी जलद डायोडांतून कमी व्होल्टची आणि जास्त अँपिअरची डीसी रॉडला मिळते.

तो कपॅसिटर म्हणजे भरलेली टाकी. प्लग काढला तरी टाकी लगेच रिकामी होत नाही. म्हणून आम्ही प्लग काढून दहा मिनिटे थांबतो, मग मीटरने डीसी व्होल्ट बघतो. शिल्लक असतील तर जाड रेझिस्टरमधून उतरवतो आणि पुन्हा मोजतो. स्क्रू-ड्रायव्हर टेकवून ठिणगी पाडत नाही. मीटर शून्याजवळ आल्याशिवाय आत बोट घालायचे नाही, हा आमच्याकडचा पहिला नियम आहे.

आता बिघाडाकडे येऊ. चालू करताच एमसीबी पडत होता. मीटर डायोडवर लावून तपासले. आतला ब्रिज रेक्टिफायर चांगला होता, बाहेरचे डायोडही चांगले होते. आयजीबीटी मात्र शॉर्ट. मीटर दोन्ही बाजूंनी वाजत होते. आधीच्या दोन्ही दुरुस्त्यांत नेमक्या याच बदलल्या होत्या, आणि दोन-तीन रॉड ओढले की पुन्हा उडत होत्या. मग आम्ही त्यांच्या मागचे भाग तपासले. प्रत्येक आयजीबीटीला इशारा पोचवणारा एक छोटा रेझिस्टर असतो. तिघांचे माप १० ओहम आले, चौथा तुटलेला निघाला. त्याच्या शेजारचा झेनर डायोडही गेलेला होता.

बैलजोडीचे उदाहरण घ्या. या मशिनात खटक्या दोन-दोनच्या जोडीने ओझे ओढतात. एका बैलाचा कासराच तुटला, त्यामुळे तो हलत नव्हता. सगळे ओझे दुसऱ्यावर! रिकाम्या गाडीला चालले, भरल्या गाडीला बैल बसला. नवीन बैल आणला तरी कासरा तुटकाच, मग दुसरे काय होणार?

आणि कासरा मुळात तुटला कशाने? झाकणाखाली बोर्डावर लोखंडी कीस बसला होता. आजोबा मशिनाशेजारीच ग्राइंडर चालवत. पंख्याने तो कीस आत ओढला आणि बोर्डावर शॉर्ट झाला.

आम्ही बोर्ड स्वच्छ केला, रेझिस्टर, झेनर आणि चारही आयजीबीटी एकाच मालाच्या बदलल्या, हीट सिंकला नवी पेस्ट लावली. मुख्य वीज न देता आधी नुसत्या कंट्रोलला कमी व्होल्ट देऊन चारही इशारे सारखे येतात का ते पाहिले. मग १०० वॅटचा तारेचा बल्ब सिरीजमध्ये लावून मशीन चालू केले. बल्ब क्षणभर पेटून मंद झाला, म्हणजे आत शॉर्ट नाही. भक्क पेटून राहिला असता तर नव्या खटक्या वाचल्या असत्या आणि आम्ही परत मागे फिरलो असतो. नंतरच बल्ब काढून आधी बारीक आणि मग जाड रॉड ओढला. संध्याकाळी ट्रॉली वजनकाट्यावर होती.

खरे सांगायचे तर सुरुवातीला आम्हीही जळालेला भाग बदलून थेट वीज दिली होती आणि नवी जोडी डोळ्यांदेखत घालवली होती. जळालेला भाग हा बहुधा बळी असतो, गुन्हेगार दुसराच असतो. तो सापडेपर्यंत नवीन सामान घालू नये.

सभासदांनी एवढे जरूर पाळावे. ग्राइंडर मशिनापासून लांब आणि वाऱ्याच्या खालच्या बाजूस चालवावा. महिन्याकाठी मशीन कोरड्या हवेने बाहेरून फुंकून घ्यावे. लांब, बारीक वायर वापरू नये, व्होल्ट पडतात आणि मशीन जास्त करंट ओढते. मोटारीच्या स्टार्टरमधून दोन फेज घेऊन २३० व्होल्टचे मशीन कदापि लावू नये, तेथे ४१५ व्होल्ट असतात. अर्थिंग पक्के असावे. आणि झाकण स्वतः उघडू नये, पोरांना तर उघडू देऊच नये.

मशीन पुन्हा विकत मिळेल, पोरगं मिळायचं नाही. अडचण आली तर पोत्यात घालून का होईना, आमच्याकडे घेऊन या.