विजेवरचे पुस्तक आणि त्यावरील बारीक अक्षरे

ग्रंथ हा मनुष्याचा सर्वांत निरुपद्रवी सोबती होय. तो उशाशी ठेवून झोपावे, लहान मुलाच्या हाती द्यावा, प्रवासात पिशवीत कोंबावा. त्याच्यापासून शरीराला अपाय होण्याचे काही कारण नाही. फार तर वाळवीने त्यालाच अपाय होतो. परंतु आता ग्रंथाचे एक नवे रूप घरोघर येऊ लागले आहे. ते विजेवर चालते, बिनतारी लहरींनी पुस्तके उतरवून घेते आणि एका लहानशा पाटीत शेकडो ग्रंथ साठवते. त्यास ई-रीडर किंवा वाचनयंत्र म्हणतात. कागदी पुस्तक विकत घेताना कोणी त्याच्या सुरक्षिततेची चौकशी करीत नाही. या नव्या पुस्तकाच्या बाबतीत मात्र ती करणे अगत्याचे आहे.

खानापूरसारख्या तालुक्यात या यंत्राची उपयुक्तता विशेष आहे. कणकुंबी, जांबोटी या भागांतील वाचकाला नवे मराठी पुस्तक हवे असल्यास बेळगाव गाठावे लागते, आणि पावसाळ्यात घाटमाथ्यावरचा तो प्रवास सोपा नसतो. २०१६ च्या अखेरीस ॲमेझॉन कंपनीने आपल्या किंडल यंत्रावर मराठीसह पाच भारतीय भाषांतील पुस्तके रीतसर उपलब्ध करून दिली. त्यामुळे ज्या गावात पुस्तकांचे दुकान नाही, तेथेही पुस्तक पोहोचू लागले. शाळेत जाणारी मुले आणि दृष्टी मंदावलेले वृद्ध, या दोघांनाही अक्षरे हवी तेवढी मोठी करून वाचता येतात. ज्या वस्तूचा उपयोग मुले व वृद्ध करणार, ती अधिकच पारखून घेतली पाहिजे.

या यंत्राच्या अंतरंगात तीन मुख्य भाग असतात. वाचण्याचा पडदा, वीज साठविणारी बॅटरी आणि बिनतारी लहरींचे साधन. चौथा भाग यंत्राच्या बाहेर असतो, तो म्हणजे चार्जर. या चारही भागांचे गुणदोष निरनिराळे आहेत, म्हणून त्यांविषयीचे नियमही निरनिराळे आहेत.

प्रथम पडद्याचा विचार करू. यात केसाच्या जाडीएवढ्या असंख्य सूक्ष्म कुप्या असतात. प्रत्येक कुपीत काळे व पांढरे कण तरंगत असतात, आणि त्यांवरील विद्युत्भार परस्परविरुद्ध असतो. विजेचा दाब दिला की एका रंगाचे कण वर येतात व दुसऱ्या रंगाचे खाली जातात. अशा रीतीने अक्षर उमटते. एकदा ते उमटले की त्याला टिकवून धरण्यास वीज लागत नाही. पान उलटतानाच ती खर्च होते. म्हणून हे यंत्र एकदा भारित केले की पुष्कळ दिवस चालते, आणि वाचताना ते तापत नाही. यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. या यंत्राला धोका असलाच तर तो वाचनाच्या वेळी फारसा नाही, भारित करण्याच्या वेळी आहे.

दुसरा भाग बॅटरी. ती लिथियम-आयन जातीची असते. ही बॅटरी १९९१ मध्ये सोनी कंपनीने प्रथम बाजारात आणली, आणि तिच्यामागील संशोधनाला २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. थोड्या वजनात पुष्कळ ऊर्जा साठविणे हा तिचा गुण. आणि तिचा दोषही याच गुणात दडलेला आहे. तिच्यातील धन व ऋण पट्ट्यांमध्ये प्लॅस्टिकचा एक अत्यंत पातळ पडदा असतो. आतील द्रव ज्वालाग्राही असतो. चेंगरल्यामुळे, सदोष बांधणीमुळे किंवा मर्यादेबाहेर भारित केल्यामुळे तो पडदा फाटला, तर दोन्ही पट्ट्या एकमेकींना भिडतात व उष्णता निर्माण होते. त्या उष्णतेने आतील रासायनिक क्रिया वेगावते, तिने आणखी उष्णता वाढते, आणि हे चक्र पुढे आवरता येत नाही. एका घटकाचा दाब साधारण ४.२ व्होल्टच्या पुढे जाऊ नये, म्हणून बॅटरीला एक संरक्षक मंडल जोडलेले असते. चांगल्या व वाईट बॅटरीतील भेद बहुधा या मंडलात आणि त्या पातळ पडद्यात असतो. बाहेरून पाहणाऱ्याला तो दिसत नाही.

हा धोका केवळ पुस्तकी नाही. ऑगस्ट २००७ मध्ये नोकिया कंपनीने आपल्या दूरध्वनीसंचांतील बीएल-५सी या बॅटरीविषयी जाहीर सूचना काढली. मात्सुशिता कंपनीने बनविलेल्या अशा सुमारे ४ कोटी ६० लाख बॅटऱ्या भारित करताना अतितप्त होण्याचा संभव होता. प्रत्यक्ष तक्रारी सुमारे शंभर होत्या, पण भारतात त्या संचांचा प्रसार एवढा होता की गावोगावच्या लोकांनी दुकानांपुढे गर्दी केली. प्रत्येकजण बॅटरी काढून तिच्यावरील बारीक अक्षरे वाचू लागला. सामान्य भारतीय ग्राहकाने विजेच्या वस्तूवरील क्रमांक एवढ्या आस्थेने वाचण्याचा हा बहुधा पहिलाच प्रसंग असावा.

या वस्तूंसाठी कायद्याची चौकट मात्र त्यानंतर काही वर्षांनी उभी राहिली. आपल्या देशात मानके ठरविण्याचे कार्य १९४७ मध्ये भारतीय मानक संस्थेने सुरू केले. १९८७ मध्ये तिची जागा भारतीय मानक ब्युरोने घेतली. पंखा, इस्त्री, वायर यांवरील आयएसआय चिन्ह सर्वांच्या परिचयाचे आहे. इलेक्ट्रॉनिक वस्तूंसाठी केंद्र सरकारने २०१२ मध्ये सक्तीच्या नोंदणीचा आदेश काढला व तो २०१३ पासून अमलात आला. पहिल्या यादीत १५ प्रकारच्या वस्तू होत्या. त्यांत लॅपटॉप, टॅबलेट व त्यांसारखी माहिती हाताळणारी यंत्रे आली. २०१४ मध्ये आणखी १५ प्रकार वाढविण्यात आले. त्यांत चार्जर, पुन्हा भारित होणाऱ्या बॅटऱ्या व पॉवर बँक यांचा समावेश झाला. अर्थ असा की, ठरलेल्या प्रयोगशाळेत परीक्षा होऊन नोंदणी झाल्याखेरीज अशी वस्तू या देशात बनविणे, आयात करणे, साठविणे किंवा विकणे बेकायदेशीर आहे. २०१६ च्या भारतीय मानक ब्युरो कायद्याने शिक्षेबरोबरच सदोष माल बाजारातून परत घेण्याची व ग्राहकाला भरपाई देण्याचीही तरतूद केली.

ही परीक्षा कशी असते? बॅटरीचे मानक आय.एस. १६०४६ हे आहे. त्यानुसार बॅटरीची दोन टोके मुद्दाम जोडून पाहतात, तिला चेंगरतात, उंचावरून टाकतात, मर्यादेबाहेर भारित करतात आणि १३० अंश सेल्सिअसपर्यंत तापवितात. एवढे करूनही तिने पेट घेता कामा नये व तिचा स्फोट होता कामा नये. यंत्र व चार्जर यांचे मानक आय.एस. १३२५२ हे आहे. नव्या वस्तूंवर आय.एस./आय.ई.सी. ६२३६८ हा क्रमांकही आढळू शकतो. या परीक्षेचे तत्त्व मोठे मार्मिक आहे. वस्तू नीट चालते की नाही एवढेच पाहून परीक्षक थांबत नाहीत. ते तिच्यातील एखादा भाग जाणूनबुजून निकामी करतात व बिघडल्यावर ती माणसाला इजा करते काय, हे पाहतात.

चार्जरच्या बाबतीत हे तत्त्व जीवनमरणाचे ठरते. त्याच्या एका बाजूस भिंतीतील २३० व्होल्ट दाबाची वीज असते, व दुसऱ्या बाजूस सामान्यतः ५ व्होल्ट. या दोहोंना विलग ठेवणारे निरोधक म्हणजे माणूस व मृत्यू यांमधील भिंतच होय. परीक्षेत या भिंतीवर ३००० व्होल्टचा दाब देऊन ती टिकते की नाही हे पाहिले जाते. स्वस्त नकली चार्जरमध्ये हीच भिंत पातळ केलेली असते. दोन्ही बाजूंचे तांब्याचे मार्ग एकमेकांच्या अगदी जवळ आलेले असतात. कोरड्या हवेत तो चार्जर वर्षभर बिनबोभाट चालेलही. पण खानापूर तालुक्यातील आषाढ-श्रावणाची हवा कोरडी नसते. भिंतींना ओल येते, कपडे वाळत नाहीत, आणि अशा दमट हवेत ती थोडीशी जागाही विजेला ओलांडता येते. मग जी तार ५ व्होल्टची समजून मुलाने हातात धरलेली असते, तिच्यात २३० व्होल्ट उतरू शकतात.

येथे एक बाब विशेष ध्यानात घेतली पाहिजे. अनेक वाचनयंत्रांच्या खोक्यात केवळ तार असते, चार्जर नसतो. यंत्र बनविणाऱ्याने सर्व नियम पाळलेले असतात. परंतु घरी कोणता चार्जर जोडायचा हे ग्राहकावर सोपविलेले असते. मग मोबाईलचा जुना चार्जर किंवा बाजारात, बसस्थानकाबाहेर मिळणारा बिननावाचा चार्जर त्याला लागतो. सरकारचा नियम व कारखान्याची काळजी या साखळीचा शेवटचा दुवा घरातील बोर्डापाशी असा तुटतो. यंत्रावरील चिन्ह हे यंत्रापुरते असते, चार्जरचे चिन्ह चार्जरवरच शोधले पाहिजे.

ते चिन्ह ओळखावे कसे? नोंदणी झालेल्या वस्तूवर मानक ब्युरोचे बोधचिन्ह असते. त्याच्या वर मानकाचा क्रमांक व खाली ‘आर’ या इंग्रजी अक्षराने सुरू होणारा आठ अंकी नोंदणी क्रमांक असतो. हा मजकूर यंत्राच्या पाठीवर, खोक्यावर किंवा चार्जरच्या अंगावर बारीक अक्षरांत छापलेला असतो. चिन्ह तर नकली मालावरही छापता येते. म्हणून तेवढ्यावर विसंबू नये. ब्युरोचे ‘बीआयएस केअर’ नावाचे मोबाईल ॲप विनामूल्य मिळते. त्यात तो क्रमांक घातला की नोंदणी कोणाच्या नावे आहे, कोणत्या वस्तूसाठी आहे व ती चालू आहे की नाही, हे समजते. क्रमांक भलत्याच वस्तूचा निघाला, तर तो माल दुकानदाराला परत करावा.

या भागातील अनेक कुटुंबांतील माणसे गोव्यात, मुंबईत किंवा आखाती देशांत नोकरीस असतात व सुटीस येताना अशी यंत्रे घेऊन येतात. परदेशी बाजारासाठी बनलेल्या वस्तूवर भारतीय नोंदणीचे चिन्ह असेलच असे नाही. त्यामुळे ती वाईट ठरत नाही. परंतु तिच्या चार्जरवरील मजकूर अवश्य वाचावा. तेथे १०० ते २४० व्होल्ट असे लिहिले असेल, तर तो आपल्या २३० व्होल्टच्या विजेवर चालेल. पिना आपल्या सॉकेटात बसत नसतील, तर कोंबून किंवा काड्या खोचून बसवू नयेत. येथील नोंदणीकृत चार्जर घेणे हाच उत्तम मार्ग होय.

बिनतारी लहरींविषयी पुष्कळांच्या मनात भय असते. वाचनयंत्रातील वाय-फाय साधारणतः २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालते. अल्पशक्तीच्या साधनांसाठी हा पट्टा २००५ पासून परवान्याशिवाय खुला आहे. तथापि अशा साधनाच्या नमुन्याला केंद्र सरकारच्या बिनतारी नियोजन व समन्वय विभागाची मान्यता घ्यावी लागते. पुस्तक उतरवून घेतल्यावर वाय-फाय बंद करता येते. त्याने बॅटरीचीही बचत होते. सांबरा विमानतळावरून प्रवास करणाऱ्यांना विमानातही यंत्रावर वाचता येते. २०१४ पासून विमान-स्थितीत ठेवून अशी साधने वापरण्यास आपल्याकडे मुभा आहे. मात्र सुट्या बॅटऱ्या व पॉवर बँक विमानाच्या पोटातील सामानात न देता आपल्याजवळच्या पिशवीत ठेवाव्या लागतात. तेथे काही बिघाड झालाच, तर तो माणसांच्या दृष्टीस पडतो व वेळीच आवरता येतो.

घरातील वापराचे नियम थोडे व सोपे आहेत. यंत्र भारित करताना ते गादीवर, उशीखाली किंवा पांघरुणात ठेवू नये. उष्णता बाहेर जाण्यास वाव हवा. रात्रभर लावून ठेवण्याऐवजी घरातील माणसे जागी असताना भारित करावे. वळवाच्या विजा कडाडू लागल्या की चार्जर बोर्डातून काढून ठेवावा. केवळ बटण बंद करणे पुरेसे नाही. गेलेली वीज परत येताना दाब एकदम वाढण्याचा संभव असतो, म्हणून वीज गेल्यावरही तसेच करावे. ओल्या हाताने प्लग हाताळू नये. उन्हात उभ्या केलेल्या मोटारीत यंत्र विसरू नये.

यंत्राची पाठ फुगलेली दिसली, पडदा कडेने उचलला गेला किंवा गोडसर उग्र वास आला, तर बॅटरी बिघडली असे समजावे. ते यंत्र पुन्हा भारित करू नये, दाबून सरळ करू नये व बॅटरीला टाचणी टोचून पाहू नये. ते घराबाहेर फरशीवर, जळाऊ वस्तूंपासून दूर ठेवावे व अधिकृत दुरुस्ती केंद्राकडे द्यावे. भारित होत असताना धूर दिसल्यास प्रथम मुख्य बटण बंद करावे, मुलांना दूर न्यावे, मग पुढचे पाहावे.

निकामी झालेले यंत्र उकिरड्यावर टाकणे किंवा पालापाचोळ्याबरोबर जाळणे हा अपराध तर आहेच, पण शेजाऱ्यांशी केलेला अन्यायही आहे. एप्रिल २०२३ पासून अमलात आलेल्या ई-कचरा नियमांनुसार जुन्या वस्तूंच्या पुनर्वापराची जबाबदारी उत्पादकावर आहे, आणि २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनी बॅटऱ्यांविषयी तेच बंधन घातले आहे. चाकांच्या कचरापेटीवर फुली मारलेले चित्र यंत्रावर छापलेले असते. ही वस्तू सामान्य कचऱ्यात टाकू नका, असा त्याचा अर्थ. मलप्रभेच्या उगमाजवळ राहणाऱ्यांनी हे चित्र विशेष जपले पाहिजे. येथे मातीत मुरलेले पुढे दूरवरच्या गावांच्या पाण्यात उतरते.

फसवणूक झाल्यास गप्प बसू नये. पावती जपून ठेवावी. पावतीवाचून तक्रारीला बळ येत नाही. राष्ट्रीय ग्राहक साहाय्यसेवेचा दूरध्वनी क्रमांक १९१५ हा आहे, आणि २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यान्वये जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागता येते. नकली चिन्हाची तक्रार मानक ब्युरोच्या ॲपमधूनही करता येते. एका ग्राहकाने केलेल्या तक्रारीने दुसऱ्या दहा घरांत जाणारा नकली चार्जर अडतो.

पुस्तकाची गोडी मुलांना लावणारे पालक त्यातील मजकूर योग्य आहे की नाही, हे पूर्वीपासून पाहत आले आहेत. आता पुस्तकाच्या पाठीवरचा मजकूरही त्यांनी वाचावयास हवा. तो चार ओळींचाच असतो, आणि तो वाचण्यास एक मिनिटही लागत नाही.