पोटाच्या जखमा : पानथरी काढावी की राखावी?

(लेखांक सहावा)

डाव्या कुशीत, नवव्या ते अकराव्या बरगडीच्या आड, जठराला लागून दडलेले, निरोगी प्रौढ माणसात जेमतेम दीडशे ग्रॅम भरणारे जांभळट, मऊ इंद्रिय म्हणजे पानथरी. परंतु हृदयातून बाहेर पडणाऱ्या रक्ताचा सुमारे विसावा हिस्सा एवढ्याशा इंद्रियातून वाहत असल्यामुळे, बैलाची धडक बसून, झाडावरून पडून किंवा मोटारसायकलच्या अपघातात ते फाटले, म्हणजे कातडीवर ओरखडाही न दिसता माणूस आतल्या आत रक्तस्रावाने मरू शकतो. अशा रोग्यास उताणे निजवून पायाकडची बाजू किंचित उंच केली असता तो पुष्कळदा डाव्या खांद्याच्या टोकावर बोट ठेवून येथे दुखते म्हणून सांगतो, आणि खांदा तपासून पाहावा तर त्यात काहीच दोष आढळत नाही. पोटात सांडलेले रक्त श्वासपटलाला डिवचते; त्या पटलाची नस मानेतील ज्या मज्जामुळांतून निघते तेथूनच खांद्याच्या कातडीच्याही नसा निघतात; आणि मेंदूची दुःखाच्या ठिकाणाविषयी फसगत होते.

हिवतापाने फुगलेली पानथरी तर क्षुल्लक आघातानेही फुटते, आणि या गोष्टीला आपल्या देशात एक क्लेशदायक पूर्वेतिहास आहे. आग्र्यास फुलर नावाच्या इंग्रज वकिलाने आपल्या मोतद्दाराला मारहाण केली. तो गरीब मनुष्य त्यातच मेला. शवपरीक्षेत वाढलेली पानथरी फुटल्याचे आढळले, आणि मॅजिस्ट्रेटने आरोपीस अवघा ३० रुपये दंड केला. १८७६ साली खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांनी या निकालावर कडक ताशेरे ओढले, तेव्हा येथील गोऱ्या समाजात मोठा क्षोभ उसळला. मारणाऱ्याच्या हाताचा दोष मरणाऱ्याच्या इंद्रियावर ढकलण्याची ही रीत वैद्यकाच्या जबानीच्या आधाराने चालावी, ही गोष्ट आजही मनाला डागते.

शस्त्रवैद्यांचे या इंद्रियाविषयीचे धोरण दीर्घकाळ सरळ होते : फाटले की काढून टाकावे. १९०९ साली नोबेल पारितोषिक मिळालेले स्विस शस्त्रवैद्य थिओडोर कोखर यांनी, पानथरी काढल्याने शरीरास अपाय होत नाही आणि रक्तस्रावाचा धोका मात्र टळतो, असे निःशंकपणे लिहून ठेवले होते. आणि ज्या काळी रक्त भरण्याची विद्या बाल्यावस्थेत होती व पोटाच्या आत पाहण्यास शस्त्रावाचून दुसरे साधन नव्हते, त्या काळी हा निर्णय अविचाराचा होता असे म्हणवत नाही. १९१९ साली मॉरिस आणि बुलक यांनी उंदरांवरील प्रयोगांवरून, पानथरी गमावलेला प्राणी जंतुसंसर्गापुढे दुबळा ठरतो, असा इशारा दिला होता. पण टाके काढून रोगी चालत घरी गेला की इस्पितळाच्या दप्तरी तो बरा झाला म्हणून दाखल होई, आणि पुढे चार वर्षांनी एका रात्रीच्या तापात तो गेला, तर ती वार्ता त्या दप्तरापर्यंत पोचण्याची सोयच नव्हती. माझ्या मते या साऱ्या प्रकरणाची मेख येथेच आहे : जखमेचा निकाल फार लवकर लिहून लोक मोकळे होत होते.

ते दप्तर पुन्हा उघडावयास लावले १९५२ साली किंग आणि शुमाकर या अमेरिकन शस्त्रवैद्यांनी. जन्मजात रक्तविकारापायी ज्यांची पानथरी पहिल्या सहा महिन्यांतच काढावी लागली होती, अशा पाच अर्भकांना पुढे भयंकर जंतुसंसर्ग झाला आणि त्यांतील काही दगावली, एवढीच त्यांची हकीकत. परंतु तिने विचार करणाऱ्यांची झोप उडवली. न्यूमोकॉकससारखे जे जंतू आपल्याभोवती शर्करेचे कवच बाळगतात, ते रक्तातून गाळून काढण्याचे आणि त्यांच्याविरुद्ध प्रतिद्रव्ये सिद्ध करण्याचे काम मुख्यतः पानथरीच करते. १९७३ साली सिंगर यांनी पानथरी काढलेल्या सुमारे २८०० रोग्यांचे वृत्तांत एकत्र केले, तेव्हा शेकडा चाराहून थोड्या अधिक जणांना असा संसर्ग झाला होता आणि शेकडा अडीच जण त्याने मेले होते. केवळ अपघातापायी पानथरी गेलेल्यांत मृत्यूचे प्रमाण शेकडा ०.५८ इतके कमी भरले. तरीही धडधाकट लोकांच्या मानाने ते कितीतरी पट मोठे होते.

दरम्यान टोरांटोच्या बालरुग्णालयात दुसरीच गोष्ट अनुभवास येत होती. पानथरीस इजा झाल्याची लक्षणे असलेली काही मुले शस्त्रावाचून, केवळ अंथरुणात निजवून ठेवल्याने, बरी होत होती. १९६८ साली हा अनुभव सिम्प्सन यांच्यासह प्रसिद्ध करणारे डॉ. पी. उपाध्याय हे दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेचे बालशल्यविशारद, ही गोष्ट आपल्याकडे फारशी कोणाच्या ध्यानात नसते. त्यांनी माकडांच्या पानथरीस मुद्दाम जखमा करून त्या कशा भरून येतात याचाही अभ्यास केला. मुलांच्या पानथरीचे वेष्टन तुलनेने जाड असते आणि ती बहुधा रक्तवाहिन्यांना समांतर चिरते, म्हणून रक्त आपोआप थांबण्यास अवसर मिळतो. प्रारंभी पुष्कळांनी हे मत उडवून लावले. आज मुलांतील बहुतेक जखमांवर आणि रक्तदाब स्थिर असलेल्या प्रौढांवरही हाच उपचार प्रथम केला जातो.

मात्र निजवून ठेवणे म्हणजे स्वस्थ बसणे नव्हे. सीटी स्कॅनने जखमेची प्रत ठरवावी लागते, नाडी व रक्तदाब तासातासाला पाहावा लागतो, रक्ताच्या पिशव्या जुळवून ठेवाव्या लागतात, आणि दाब ढासळताच पोट उघडणारा शस्त्रवैद्य व भूल देणारा डॉक्टर दोघेही हाकेच्या अंतरावर असावे लागतात. ज्या तालुक्याच्या इस्पितळात रात्री यांपैकी काहीच नसते, तेथे ढासळत्या रोग्याची पानथरी काढून प्राण वाचवणाऱ्या शस्त्रवैद्याला शहरातल्या तज्ज्ञाने नावे ठेवू नयेत, असे मला मनापासून वाटते.

पानथरी काढावीच लागली, तर शस्त्रक्रियेनंतर साधारण दोन आठवड्यांनी न्यूमोकॉकस, मेनिंगोकॉकस व हिमोफिलस यांच्या लसी टोचल्या पाहिजेत, आणि ताप येताच सकाळची वाट न पाहता डॉक्टर गाठावा, अशी सक्त ताकीद घरच्यांना दिली पाहिजे. पानथरी नसलेल्यास हिवतापही अधिक घातक ठरतो. म्हणून गडचिरोलीसारख्या मुलखात परतणाऱ्या रोग्याच्या सुटीच्या कागदावर, पानथरी काढली आहे हे मराठीत ठळक अक्षरांत लिहून, त्याखाली मच्छरदाणीची सूचनाही घातली पाहिजे.