टी-पेशी किती नव्हे, कोणत्या?

अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात रक्ताच्या कर्करोगावर ‘कार-टी’ उपचार घेतलेल्या एका वृद्ध रुग्णाची हकिकत २०१८ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात आली. त्यांच्याच रक्तातल्या टी-पेशी, म्हणजे शरीराच्या संरक्षक पेशी, काढून, कर्करोगी पेशी ओळखायला लावणारं जनुक त्यांत घालून त्या शरीरात परत सोडल्या होत्या. सुरुवातीला गुण आला नाही, म्हणून दुसरी मात्रा दिली. त्यानंतर काही आठवड्यांनी या पेशी अचानक वाढल्या आणि कर्करोग नाहीसा झाला. तपासणीत दिसलं ते चक्रावणारं होतं. ऐन भरात असताना यातल्या ९४ टक्के पेशी एकाच पेशीच्या वंशज होत्या! बाहेरून घातलेलं जनुक त्या पेशीत नेमकं ‘टेट-२’ या जनुकाच्या मधोमध जाऊन बसलं होतं. टेट-२ची दुसरी प्रत त्या रुग्णात आधीच सदोष होती. त्यामुळे ही पेशी नेहमीच्या वेगानं प्रौढ झालीच नाही. तरुण राहून वाढत गेली. निव्वळ योगायोग, पण संशोधकांना त्यानं मोठा धागा दिला: पेशी किती यापेक्षा त्या कोणत्या, हे महत्त्वाचं.

टी-पेशींचा उगम अस्थिमज्जेत, पण घडण छातीच्या हाडामागच्या थायमस ग्रंथीत होते. या ग्रंथीचं महत्त्व जॅक मिलर यांनी उंदरांवरच्या प्रयोगांतून दाखवलं ते १९६१ मध्ये. तोवर तिला फारसं कुणी मोजत नव्हतं. इथली पारख निर्दय असते. शरीराच्या ओळखखुणा ज्यांना वाचताच येत नाहीत त्या पेशी मरतात, आणि स्वतःच्याच शरीरावर उठू शकणाऱ्या बहुतेक पेशीही मारल्या जातात. शंभरातल्या जेमतेम पाच वाचतात. त्यांतल्या काही मदतनीस (सीडी-४) होतात, काही मारेकरी (सीडी-८).

शत्रू भेटेपर्यंत या पेशी कोऱ्या असतात. तो भेटला की त्या झपाट्यानं वाढतात. बहुसंख्य लढून काही दिवसांत संपतात, थोड्या स्मृतिपेशी म्हणून उरतात. त्यांतला एक गट तर मूलपेशींसारखा वागतो, हे माणसात २०११ मध्ये दिसलं. शेतकरी बियाण्याला धान्य राखून ठेवतो, तसाच हा साठा. पुढची फौज त्यातूनच निघते. शत्रू हटतच नसेल, तर मात्र पेशी थकतात. दिसायला हजर, पण लढण्याची ताकद गेलेली.

कार-टी उपचाराची खरी मेख इथं आहे. प्रयोगशाळेत इंटरल्युकिन-२ हे वाढीचा संदेश देणारं प्रथिन देऊन पेशींची संख्या झरझर वाढवता येते, पण त्यात त्या प्रौढही होतात. म्हणून आता अनेक ठिकाणी इंटरल्युकिन-७ आणि १५ वापरतात, पेशी बाहेर ठेवण्याचे दिवसही कमी करतात. कोट्यवधी दमलेल्या पेशींपेक्षा मोजक्या तरुण पेशी बऱ्या.

मदतनीस आणि मारेकरी ही पाठ्यपुस्तकातली कामाची वाटणीही पक्की नाही. २०१० मध्ये हा उपचार घेतलेल्या दोघांच्या रक्तात दहा वर्षांनंतरही कार-टी पेशी सापडल्या. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात त्यांतल्या बहुतेक निघाल्या सीडी-४. ज्यांना आपण मदतनीस म्हणतो, त्या स्वतःच मारेकऱ्याचं काम करत होत्या.

आपल्याकडे आयआयटी मुंबई आणि टाटा स्मारक केंद्र यांनी मिळून ‘नेक्सकार-१९’ हे कार-टी औषध घडवलं. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याला मंजुरी मिळाली आणि एप्रिल २०२४ मध्ये राष्ट्रपतींच्या हस्ते त्याचं लोकार्पण झालं. अमेरिकेतल्या किमतीच्या जेमतेम दहाव्या हिश्शात ते मिळतं, तरी सामान्य घराला लाखांचाच खर्च. पण पैशाइतकाच वेळेचाही प्रश्न आहे. उलटून आलेल्या किंवा औषधांना न जुमानणाऱ्या कर्करोगाचे रुग्ण या उपचारापर्यंत पोहोचतात ते केमोथेरपीच्या अनेक फेऱ्यांनंतर, तेव्हा त्यांच्या टी-पेशीही अनेकदा थकलेल्या असतात. पेशी काढून गोठवून ठेवता येतात. त्यामुळे पुढे कार-टीची शक्यता असेल, तर पेशी कधी काढायच्या हे रुग्णानं डॉक्टरांना शेवटी नव्हे, सुरुवातीलाच विचारावं.